सहाव्या गुणसूत्राचं टोक : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४

प्राणी नैतिकता समितीची परवानगी आली, त्यामुळे आज पहिल्या जोड्या लावल्या. उंदरांचे दोन स्ट्रेन, म्हणजे भावंडांत जोड्या लावत एकसारखे केलेले वंश: बाल्ब/सी च्या पांढऱ्या माद्या आणि सी५७ब्लॅक/६ चे काळे नर. यापुढे काळ्यांना नुसतं बी६ लिहीन, दर वेळी सगळं नाव लिहीत बसलं तर वही संपेल. प्रकल्पाचं कागदोपत्री नाव दोन ओळींचं आहे. प्रयोगशाळेत सगळे ‘सहा नंबर’ म्हणतात.

काम असं. बी६ उंदराच्या नैसर्गिक मारक पेशींवर, म्हणजे एनके पेशींवर, एनके१.१ नावाचा मार्कर, म्हणजे ओळखखूण, दिसतो. त्यातल्या साधारण निम्म्या पेशींवर एलवाय४९एच नावाचा रिसेप्टरही (ठरावीक रेणू ओळखणारं प्रथिन) असतो. बाल्ब/सी मध्ये या दोन्हींचा पत्ता नाही. दोन्हींची जनुकं सहाव्या गुणसूत्राच्या शेवटाकडे, एनके जनुकसंकुल म्हणतात त्या पट्ट्यात आहेत. तो पट्टा बी६ मधून उचलून बाल्ब/सी च्या पार्श्वभूमीवर बसवायचा, आणि सोबत शेजारपाजारचं जितकं कमी येईल तितकं बरं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या स्कॅल्झो यांच्या गटाने असे स्ट्रेन १९९९ मध्येच प्रसिद्ध केलेत. तरी मॅडमचं म्हणणं, “तयार उंदीर मागवला की उंदीर मिळतो, लिंकेज समजत नाही.” (लिंकेज म्हणजे गुणसूत्रावर शेजारी असलेली जनुकं एकत्र वारशाने जाणं.) ज्युनिअर मंडळींना हातानं शिकता यावं हा यामागचा अर्धा हेतू, आणि तो मला पटतो.

१२ फेब्रुवारी

एफ१ ची, म्हणजे या संकराच्या पहिल्या पिढीची, पिल्लं ३० जानेवारीला झाली. आता अंगावर पुरेसे केस आलेत. सगळी एकजात करडी-तपकिरी, रानातल्या उंदरासारखी. आई पांढरी, बाप काळा आणि पोरं भलत्याच रंगाची, म्हणून प्राणीगृहातले मामा दोनदा पिंजऱ्यावरची चिठ्ठी वाचून गेले. त्यांना समजावलं ते इथेही लिहून ठेवतो.

बाल्ब/सी पांढरा दिसतो, पण पांढरा रंग म्हणजे रंगद्रव्याचा अभाव. सातव्या गुणसूत्रावरचं टायरोसिनेज जनुक बिघडलेलं असल्यामुळे रंग तयारच होत नाही. खाली मात्र दुसऱ्या गुणसूत्रावर अगूती हा प्रभावी अलील (जनुकाचं एक रूप) आहे, केसाच्या टोकाजवळ पिवळा पट्टा देणारा. चौथ्या गुणसूत्रावर काळ्याऐवजी तपकिरी रंग देणारा अप्रभावी अलील आहे. बी६ ने टायरोसिनेजची धड प्रत दिली आणि झाकलेली अगूती बाहेर आली. म्हणजे दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या गुणसूत्रांवरचे तीन मार्कर आपल्याला डोळ्यांनी, एक पैसा न खर्चता मिळतात. सहाव्यावरचा एकही नाही, पण ‘लिंकेज नाही’ हे दाखवायलाही मार्कर लागतातच.

१६ फेब्रुवारी

आज दिवसभर सहाव्या गुणसूत्राचा नकाशा. भिंतीवर लावायला लांब कागदाच्या पट्टीवर काढला.

रोगप्रतिकारक रिसेप्टरांच्या बाबतीत हे गुणसूत्र विलक्षण श्रीमंत आहे. एकूण लांबी सुमारे १५० मेगाबेस (एक मेगाबेस म्हणजे डीएनएची दहा लाख अक्षरं). ४१ मेगाबेसच्या आसपास टी-पेशी रिसेप्टरची बीटा साखळी. ६७ ते ७० च्या दरम्यान अँटिबॉडीची कापा साखळी. तिला जवळजवळ खेटून, ७१ वर, सीडी८ ची दोन्ही जनुकं (सीडी८ आणि सीडी४ ही टी-पेशींवरची प्रथिनं). मग बराच मोकळा पल्ला, १२५ च्या जवळ सीडी४, आणि १२८ ते १३१ या पट्ट्यात एनके संकुल. टी-पेशी रिसेप्टरच्या इतर साखळ्या मात्र इथे नाहीत: अल्फा चौदाव्यावर, गॅमा तेराव्यावर. अँटिबॉडीची जड साखळी बाराव्यावर.

यातली सीडी८ आणि कापाची जोडी मला सगळ्यात आवडते. १९७४ मध्ये गॉटलिब यांनी दाखवलं की थायमस पेशींवरचा एक पृष्ठभाग-मार्कर (तेव्हाचं नाव एलवाय-३, आजचं सीडी८ बीटा) आणि अँटिबॉडीच्या हलक्या साखळीतला एक बदल वेगवेगळ्या स्ट्रेनमध्ये हातात हात घालून फिरतात. तेव्हा कापा जनुक कोणत्या गुणसूत्रावर आहे हेही ठाऊक नव्हतं. ते १९७८ मध्ये सहाव्यावर नेमलं गेलं. एक मार्कर टी-पेशीवर, दुसरा बी-पेशीच्या प्रथिनात. दोघांचं काम वेगळं, पेशी वेगळी, तरी वारसा एकत्र. मग काहींनी त्यातून कार्याचा संबंध शोधायला सुरुवात केली, ते साहजिकच होतं. आज अनुक्रम समोर आहे आणि दोन्हींमध्ये जेमतेम एखाद्या मेगाबेसचं अंतर दिसतं. शेजारी राहतो म्हणून गुन्ह्यात सामील, असं धरता येत नाही. लिंकेजचा पुरावा पत्त्याचा असतो, धंद्याचा नव्हे.

ज्युनिअरने विचारलं, टी-पेशी रिसेप्टर बीटा आणि एनके संकुल एकाच गुणसूत्रावर आहेत, मग ते लिंक्ड का नाहीत? उंदरात ढोबळ हिशेबाने दोन मेगाबेसला एक सेंटिमॉर्गन धरायचा, म्हणजे शंभरात सरासरी एका पिल्लात दोन जागांची ताटातूट होण्याइतकं अंतर. दोघांमध्ये जवळपास ८८ मेगाबेस. म्हणजे चाळीसेक सेंटिमॉर्गन. एवढ्या अंतरावर थोड्या पिल्लांची आकडेवारी वेगळ्या गुणसूत्रांवरच्या जनुकांपासून सहज ओळखू येत नाही. एकाच लांब रस्त्यावर घर असलं म्हणून रोज भेट होतेच असं नाही, एवढंच तिला सांगितलं.

२७ मार्च

एफ१ वयात आले. आज ठरवायचं होतं: एफ१ आपापसांत लावून एफ२ काढायचे, की एफ१ परत बाल्ब/सी ला लावून बॅकक्रॉस?

मला आधी एफ२ चा मोह होता. प्रत्येक पिल्लात दोन्ही पालकांकडचे क्रॉसओव्हर (जोडीतल्या गुणसूत्रांनी केलेली तुकड्यांची अदलाबदल) पाहायला मिळतात, म्हणजे एका उंदरात दोन संधी. रंगांचा खेळही पाहण्यासारखा होतो: चौसष्ट भागांत २७ अगूती, ९ काळे, ९ दालचिनी (तपकिरी अगूती), ३ तपकिरी, १६ पांढरे. शिकवायला झकास.

पण आपले दोन्ही मार्कर ‘आहे किंवा नाही’ जातीचे आहेत. एक प्रत असली काय, दोन असल्या काय, फ्लो सायटोमीटर (अँटिबॉडीने रंगवलेल्या पेशी मोजणारं यंत्र) ‘आहे’ एवढंच म्हणणार. समजा एखाद्या पिल्लाला तुटलेलं गुणसूत्र मिळालं, ज्यावर एनके१.१ आहे पण एलवाय४९एच नाही. दुसऱ्या पालकाकडून धड बी६ गुणसूत्र आलं तर ते तुटलेपण पूर्ण झाकलं जाईल. नेमका जो उंदीर आपल्याला हवा, तोच गर्दीत हरवेल. बॅकक्रॉसमध्ये बाल्ब/सी कडून येणारं गुणसूत्र दोन्ही बाबतींत रिकामं. एफ१ ने जे दिलं ते उघडं पडतं. म्हणून बॅकक्रॉस.

माद्या एफ१ च्या घेतल्या, नर बाल्ब/सी चे. कारणं दोन. उंदरांत क्रॉसओव्हर मादीत थोडे जास्त होतात. आणि एफ१ माद्या आया म्हणून उत्तम: मोठी वेतं, पिल्लं टाकणं कमी. दुसरं कारण खरं तर मामांचं आहे आणि पहिल्यापेक्षा जास्त उपयोगी आहे.

२९ एप्रिल

पहिलं बॅकक्रॉस वेत दहा दिवसांचं झालं. सात पिल्लं: चार पांढरी, दोन अगूती, एक दालचिनी. काळं एकही नाही आणि पुढेही येणार नाही, कारण बाल्ब/सी बाप प्रत्येकाला अगूतीची प्रत देतोच. अपेक्षा निम्मी पांढरी, पाव अगूती, पाव दालचिनी. सात पिल्लांवरून प्रमाण काढायला कुणी बसू नये, पण काळं पिल्लू दिसलं असतं तर मी जोडीच तपासायला घेतली असती. फुकटच्या मार्करचा हाही उपयोग, पिंजऱ्यांची अदलाबदल लगेच कळते.

या पांढऱ्या पिल्लांचा एक जुना धागा आहे. सस्तन प्राण्यातलं लिंकेज पहिल्यांदा दाखवलं गेलं ते १९१५ मध्ये, उंदरांतच. जेबीएस हाल्डेन, त्यांचा मित्र स्प्रंट आणि बहीण नेओमी यांच्या छोट्या निबंधात. दोन मार्कर होते: अल्बिनो आणि गुलाबी डोळा. आपल्या बाल्ब/सी मधला पांढरेपणा त्या अल्बिनो जागेचाच. स्प्रंट तोवर पहिल्या महायुद्धात मारले गेले होते, हाल्डेन स्वतः आघाडीवर होते. पुढे हेच हाल्डेन १९५७ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. आपल्याकडे त्यांचं नाव निघतं ते उत्क्रांतीच्या संदर्भात. उंदरांच्या लिंकेजचा पहिला कागद त्यांचा हे मला या प्रकल्पापर्यंत माहीत नव्हतं.

१० मे

दूध तोडलेल्या पिल्लांच्या कानांचे तुकडे घेतले. प्रोटिनेज के या प्रथिनं पचवणाऱ्या विकरात रात्रभर ५५ अंशांवर, सकाळी डीएनए.

डीएनए मार्कर निवडताना बराच खल झाला. सूक्ष्मउपग्रह मार्कर वापरतोय, सीए-सीए-सीए अशी पुनरावृत्ती असलेले. डी६मिट-अमुक अशी त्यांची नावं: डी म्हणजे डीएनएचा तुकडा, सहा हे गुणसूत्र, मिट हे शोधणाऱ्या संस्थेचं चिन्ह, पुढे अनुक्रमांक. १९९६ च्या नकाशात असे ६,५८० मार्कर होते. आता एसएनपीचे, म्हणजे एका अक्षराच्या फरकांचे, तयार पॅनल मिळतात आणि कुणी जेलवर पट्ट्या मोजत बसत नाही. पण थर्मल सायकलर आणि अगारोज आपल्याकडे आहे, शिवाय पट्टी डोळ्यांना दिसते. शिकणाऱ्याला ते बरं पडतं.

खल झाला तो वेगळ्या मुद्द्यावर. ज्युनिअरने एलवाय४९ जनुकांच्या अगदी मध्ये बसणारे प्राइमर (पीसीआरने डीएनएच्या प्रती काढताना सुरुवात ठरवणारे छोटे तुकडे) काढले होते. तर्क बरोबर वाटतो, जिथे शोधायचं तिथेच मार्कर लावावा. पण हा पट्टा सगळ्या स्ट्रेनमध्ये सारखा नाही. एलवाय४९ जनुकांची संख्याच बदलते: बी६ मध्ये १५, बाल्ब/सी मध्ये ८, १२९ या स्ट्रेनमध्ये १९, नॉड मध्ये २१, छद्मजनुकं (निकामी प्रती) धरून. संदर्भ जीनोम बी६ चा. त्यावरून काढलेला प्राइमर बाल्ब/सी मध्ये कुठे बसणार, जर तो तुकडाच तिथे नसेल? किंवा बसला तर भलत्याच जुळ्या जनुकावर बसेल. मग पट्टी न येणं म्हणजे ‘जनुक नाही’ की ‘पीसीआर फसला’, हे सांगता येत नाही. ज्या मार्करचं अपयश आणि उत्तर सारखंच दिसतं तो मार्कर कामाचा नाही. म्हणून दोन्ही मार्कर संकुलाच्या बाहेर घेतले: एक सेंट्रोमिअरच्या, म्हणजे गुणसूत्राच्या सुरुवातीच्या, बाजूला, साधारण २० मेगाबेस अलीकडे; दुसरा टोकाच्या बाजूला, १४५ मेगाबेसच्या आसपास. दोन्ही स्ट्रेनमध्ये पट्टी येते, फक्त लांबी वेगळी.

१३ मे

जेल सुरेख आलं. चार टक्के अगारोज, हळू चालवलेलं. बाल्ब/सी ची एक पट्टी, बी६ ची तिच्या जराशी खाली, आणि एफ१ मध्ये दोन्ही. एफ१ मध्ये वर एक तिसरी फिकट पट्टीही आहे. ज्युनिअर म्हणाली, “दादा, हा तिसरा अलील कुठून आला?” तिसरा नाही. दोन वेगळ्या लांबीचे धागे थंड होताना एकमेकांना चिकटले की मध्ये फुगवटा राहतो आणि तो रेणू जेलमधून रेंगाळत जातो. मिश्र उंदीर ओळखायला ती फिकट रेघच सगळ्यात भरवशाची, विशेषतः जेव्हा खालच्या दोन पट्ट्या एकमेकींत मिसळलेल्या असतात.

११ जून

फ्लोचा दिवस. गालाच्या शिरेतून दोन थेंब रक्त, तांबड्या पेशी फोडून टाकल्या, बाकीच्या बर्फावर.

आधी एफसी रिसेप्टर झाकायचे. २.४जी२ ही अँटिबॉडी पाच-दहा मिनिटं. नाहीतर आपली रंगीत अँटिबॉडी शेपटाकडून चिकटते आणि नसलेला मार्कर दिसायला लागतो. मग चार रंगांच्या अँटिबॉडी: टी-पेशी वगळायला सीडी३, एनके पेशी पकडायला डीएक्स५, एनके१.१ साठी पीके१३६, एलवाय४९एच साठी ३डी१०. डीएक्स५ का, हे नव्या लोकांना सांगावं लागतं. सगळे प्रबंध एनके१.१ वरून एनके पेशी ओळखतात, पण ते बी६ मधले प्रबंध असतात. बाल्ब/सी मध्ये पीके१३६ लावून एनके पेशी शोधल्या तर उंदराला एनके पेशीच नाहीत असा निष्कर्ष निघेल. डीएक्स५ ज्या प्रथिनाला धरते त्याचं जनुक तेराव्या गुणसूत्रावर आहे आणि ते दोन्ही स्ट्रेनमध्ये आहे. जो मार्कर मोजायचा त्याच्यावरच गेट (मोजायच्या पेशी निवडणारी चौकट) लावायचा नसतो.

पडद्यावर दोन मार्करांचं रूप अगदी वेगळं. एनके१.१ चा डोंगर एकसंध: बी६ मध्ये एनके पेशींचा सगळा गठ्ठा उजवीकडे सरकतो. एलवाय४९एच ला दोन टेकड्या, निम्म्या पेशी डावीकडे, निम्म्या उजवीकडे. एलवाय४९ जनुकं प्रत्येक पेशीत चालू होतीलच असं नाही; प्रत्येक पेशी जणू स्वतंत्रपणे काही निवडते. म्हणून एकाच उंदरात, एकाच जीनोममध्ये, एनके पेशींच्या अनेक तऱ्हा. याचा आपल्यापुरता अर्थ असा की एलवाय४९एच चं ‘नाही’ म्हणायला पुरेशा पेशी मोजाव्या लागतात. डाव्या टेकडीकडे पाहून घाईने शिक्का मारू नये.

आजच्या सगळ्या बॅकक्रॉस पिल्लांत दोन्ही मार्कर एकत्र: जिथे एनके१.१ आहे तिथे एलवाय४९एच, जिथे नाही तिथे दोन्ही नाहीत.

३ जुलै

चाळीस उंदरांची माहिती भरून झाली. आकडे:

रंग आणि एनके१.१: रंगीत-आहे ११, रंगीत-नाही ९, पांढरे-आहे ८, पांढरे-नाही १२. चारही गट दहाच्या आसपास. सातव्या आणि सहाव्या गुणसूत्रांचा एकमेकांशी संबंध नाही हे दिसलं, जे दिसायला हवंच होतं.

अलीकडचा डीएनए मार्कर आणि एनके१.१: पाच ठिकाणी फारकत, म्हणजे एक बी६ चा तर दुसरा बाल्ब/सी चा. टोकाकडचा मार्कर आणि एनके१.१: तीन ठिकाणी. दोन्ही बाजूंनी फारकत झालेला उंदीर एकही नाही. या शेवटच्या वाक्यातच क्रम ठरतो. एनके१.१ जर दोन डीएनए मार्करांच्या बाहेर असता तर काही उंदरांत दोन्ही मार्करांपासून एकदम फारकत दिसली असती. म्हणून तो मधे आहे.

एनके१.१ आणि एलवाय४९एच: फारकत शून्य.

सगळ्यांना शून्यावर आनंद झाला. मी जरा थंड पाणी ओतलं. चाळीसांत शून्य याचा अर्थ अंतर शून्य नव्हे. ढोबळ नियम असा की ‘न’ इतक्या संधींत एकही घटना दिसली नाही तर खरा दर ९५ टक्के खात्रीने ३/न च्या आत. ३/४० म्हणजे साडेसात टक्के, साडेसात सेंटिमॉर्गन, म्हणजे अंदाजे १५ मेगाबेस. एवढ्या जागेत शेकडो जनुकं मावतात. या दोन जनुकांतलं खरं अंतर सव्वा मेगाबेसच्या घरात आहे, ते आपल्याला जीनोममुळे माहीत आहे, चाळीस उंदरांमुळे नाही. आपल्या उंदरांनी फक्त एवढंच सांगितलं की हे दोघे एकाच मोहल्ल्यात आहेत.

१९ जुलै

आज बेंचवर काही नाही. ज्युनिअर मंडळींसाठी सीएमव्ही१ ची गोष्ट नीट लावली, कारण मोहल्ल्यापासून दारापर्यंत कसं पोचतात याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

उंदरांच्या सायटोमेगॅलोविषाणूने बाल्ब/सी सहज आजारी पडतो, बी६ तगतो. १९९० मध्ये पर्थमध्ये शेलॅम आणि स्कॅल्झो यांच्या गटाने दाखवलं की प्लीहेतल्या विषाणूच्या वाढीवर एकाच जागेचा मोठा अंमल आहे. तिला सीएमव्ही१ नाव दिलं. त्याच वर्षी योकोयामा आणि सहकाऱ्यांनी एलवाय४९ जनुकं सहाव्या गुणसूत्रावर, एनके१.१ च्या सोबत बसवली. १९९१ मध्ये एनकेआर-पी१ हे रिसेप्टरांचं कुटुंबही (बी६ मधला एनके१.१ त्यातलाच) तिथेच निघालं आणि ‘एनके जनुकसंकुल’ हे नाव आलं. १९९२ मध्ये सीएमव्ही१ ही एनके१.१ शी जोडलेली आहे आणि तिचा परिणाम एनके पेशींमार्फत होतो हे स्पष्ट झालं. म्हणजे पत्ता दोन वर्षांत मिळाला. दार मिळायला आणखी नऊ वर्षं लागली.

मधल्या काळात काय? बॅकक्रॉसची प्रचंड पिल्लं, तुटलेल्या गुणसूत्रांची शिकार, पट्टा अरुंद करत नेणं. पण संकुलात एकसारखी दिसणारी जनुकं दाटीने बसलेली, आणि क्रॉसओव्हर हवा तिथे होत नाही. अखेर निर्णायक ठरला एक उंदीर, जो कुणी या कामासाठी बनवला नव्हता: बीएक्सडी-८.

बीएक्सडी हा पुनर्संयोगी इनब्रेड स्ट्रेनांचा संच, जॅक्सन प्रयोगशाळेत बेंजामिन टेलर यांनी बी६ आणि डीबीए/२ यांच्या एफ२ पासून सख्ख्या भावंडांत वीस पिढ्या जोड्या लावून तयार केलेला. प्रत्येक स्ट्रेनमध्ये दोन्ही पालकांचे तुकडे कायमचे गोठलेले. एकदा कुणी जीनोटाइप केलं की तो नकाशा जगभर सगळ्यांना वापरता येतो. आजचा मार्कर १९७५ च्या मार्करशेजारी ठेवून बघता येतो. बीएक्सडी-८ मध्ये एनके संकुल बी६ चं. एनके१.१ आहे. मार्कर बघून कुणीही म्हणेल, हा विषाणूला टिकणार. आणि तो टिकत नाही. २००१ मध्ये योकोयामांच्या गटाने दाखवलं की त्याच्या संकुलात बाकी सगळं बी६ चं असून एलवाय४९एच तेवढं नाही. बी६ मध्ये त्या रिसेप्टरला अँटिबॉडीने अडवलं की बी६ सुद्धा हरतो. त्याच वर्षी कॅनडातल्या एका गटानेही वेगळ्या वाटेने त्याच जनुकावर बोट ठेवलं. २००२ मध्ये कळलं की एलवाय४९एच विषाणूच्या एम१५७ नावाच्या प्रथिनाला थेट पकडतं. आणि १२९/जे या स्ट्रेनमधला एलवाय४९आय हा पेशीला थोपवणारा रिसेप्टरही त्याच एम१५७ ला चिकटतो. एकाच प्रथिनाला एका उंदरात ‘मार’ आणि दुसऱ्यात ‘थांब’ असे दोन अर्थ.

मी ज्युनिअरना विचारलं, बीएक्सडी-८ आधी तक्त्यात दिसत असणार, मग त्याला आधी काय म्हटलं असेल? एकीचं उत्तर चांगलं होतं: “अपवाद.”

२२ जुलै

पुनर्संयोगी इनब्रेडमध्ये अंतर कसं काढायचं, यावर तास घेतला. अशा स्ट्रेनमध्ये वीस पिढ्या क्रॉसओव्हर साठत जातात, म्हणून दिसणारी फारकत एका पिढीपेक्षा जास्त. सूत्र १९३१ चं, हाल्डेन आणि वॉडिंग्टन यांचं (पुन्हा तेच हाल्डेन): स्ट्रेनांमधली फारकत = ४र ÷ (१ + ६र), इथे र हा एका पिढीतला दर. उलटं करून पाहिलं. समजा २६ स्ट्रेनांत एकाच ठिकाणी फारकत, म्हणजे ०.०३८. मग र येतो ०.०१०, एक सेंटिमॉर्गन. तेच चाळीस बॅकक्रॉस उंदरांत एक फारकत म्हणजे अडीच. छोटा संच, पण चिमटा बारीक. बाल्ब/सी आणि बी६ चा असाच संच, सीएक्सबी, डोनाल्ड बेली यांचा, मुळात सातच स्ट्रेनांचा होता. सातांवरून लिंकेजचा अंदाज बांधणाऱ्यांच्या धाडसाला दाद द्यावी लागते.

६ ऑगस्ट

मॅडमसोबत लांबली बैठक. विषय: रिसेप्टर आणि तो ज्याला ओळखतो ते प्रथिन, यांची जनुकं एकत्र हवीत की वेगळी?

एलवाय४९ कुटुंब आपल्याच शरीरातल्या एच-२ प्रथिनांना (पेशी ‘आपली’ आहे अशी ओळख देणाऱ्या) ओळखतं. एलवाय४९ए आणि एच-२डीडी ही १९९२ मध्ये ठरलेली पहिली जोडी. रिसेप्टर सहाव्या गुणसूत्रावर, एच-२ सतराव्यावर. वारसा पूर्ण स्वतंत्र. आपल्याच बॅकक्रॉसमध्ये बघा: बी६ कडून एलवाय४९ चा एक संच आला आणि एच-२ बी आला की नाही, ही दोन वेगळी नाणी. बाल्ब/सी कडचा एच-२ डी मात्र प्रत्येक पिल्लात आहेच. म्हणजे काही पिल्लांत कुलूप आहे पण किल्ली नाही, काहींत उलट. माणसातही तीच तऱ्हा: केआयआर (माणसातले एनके रिसेप्टर) एकोणिसाव्यावर, एचएलए (एच-२ ची मानवी आवृत्ती) सहाव्यावर. माणसाकडे एलवाय४९ कुटुंबातलं जवळपास काही उरलेलं नाही, बाराव्या गुणसूत्रावर एक मोडकं जनुक तेवढं आहे, आणि तेच काम अगदी वेगळ्या घाटाच्या केआयआर ने उचललंय. तरी विभागणी तशीच.

एनकेआर-पी१ चं उलटं. एनकेआर-पी१बी हा रिसेप्टर सीएलआर-बी या प्रथिनाला ओळखतो, आणि सीएलआर ची जनुकं एनकेआर-पी१ च्या जनुकांमध्ये गुंफलेली, त्याच संकुलात. हे २००३-०४ मध्ये समोर आलं. दोघे एकत्रच वारशाने जातात, जोडी सहसा फुटत नाही.

मॅडमचं मत: जोडी जुळलेली राहावी म्हणून निवडीने ती जवळ ठेवली. मला एवढं सरळ वाटत नाही. तसं असेल तर एलवाय४९–एच-२ जोडी कोट्यवधी वर्षं सुटी ठेवून कसं निभावतंय? निभावतंय त्याचं कारण मला वेगळं दिसतं: एनके पेशी वाढताना समोर कोणतं एच-२ आहे ते बघून तयार होते, ज्या पेशीच्या रिसेप्टरला स्वतःचं काही सापडत नाही ती मंद राहते. जुळणी वारशात न होता प्रत्येक उंदरात नव्याने होते. मग लिंकेजची गरज कमी. यावर एकमत झालं नाही. चहा मात्र दोनदा झाला.

पीके१३६ बद्दलही एक सावधगिरी वहीत हवी. बी६ मध्ये ही अँटिबॉडी एनकेआर-पी१सी ला धरते, तो पेशीला चेतवणारा. एसजेएल आणि स्विस उंदरांत तीच अँटिबॉडी एनकेआर-पी१बी ला धरते, तो थोपवणारा. हे १९९९ मध्ये कळलं. म्हणजे दोन स्ट्रेनमध्ये ‘एनके१.१ आहे’ असं लिहिलं तरी जनुक एकच असेल असं नाही.

२१ ऑगस्ट

पुढच्या पिढीचे उंदीर निवडायचे. इथे लिंकेज मित्राचा शत्रू होतो.

बॅकक्रॉस दर पिढीला बी६ चा सुटा वाटा निम्मा करत जातो, पण आपण निवडतोय त्या जागेच्या भोवतालचा तुकडा तसा घटत नाही, तो तिच्यासोबत फुकटात प्रवास करतो. दहा पिढ्यांनंतरही त्याची सरासरी लांबी वीस सेंटिमॉर्गनच्या आसपास राहते, म्हणजे चाळीसेक मेगाबेस. सहाव्या गुणसूत्राचा पाव भाग! सीडी४ आपल्यापासून पाचेक मेगाबेसवर, तो सहज येणार.

हीच गोष्ट उलट्या बाजूने अनेक नॉकआउट (एखादं जनुक मुद्दाम काढलेल्या) उंदरांत आहे. जुने नॉकआउट १२९ च्या पेशींत केलेले, मग बी६ वर नेलेले. जनुक एनके संकुलाजवळचं असेल तर १२९ चं संकुलही सोबत येतं, ज्यात एलवाय४९एच नाही आणि पीके१३६ ही लागत नाही. असा उंदीर विषाणूला बळी पडला तर दोष काढलेल्या जनुकाचा की शेजाऱ्याचा? कुठलाही नॉकआउट हातात आला की आधी तो कोणत्या गुणसूत्रावर आहे ते पाहायचं आणि तो सहावा निघाला तर पीके१३६ आणि ३डी१० लावून बघायचं. एका दुपारचं काम.

आपली निवड अशी. अलीकडच्या बाजूला फारकत झालेल्या पाचांपैकी दोन एनके१.१ असलेले आहेत: त्यांच्यात संकुल बी६ चं, पण २० मेगाबेस अलीकडचा मार्कर आधीच बाल्ब/सी चा. टोकाच्या बाजूला असा एक. हे तीन पुढे जातील. अलीकडच्या दोघांपैकी एन२-१७ (पहिल्या बॅकक्रॉसमधला सतरावा उंदीर) मादी आहे, अगूती, तब्येतीने दणकट. पहिली जोडी तिची. तिच्या पिल्लांत टोकाच्या बाजूचा क्रॉसओव्हर शोधायचा, एका पिढीत दोन्ही बाजू कापायचा हट्ट धरायचा नाही.

अलीकडच्या बाजूला आणखी जवळचे मार्कर लागतील, १२० ते १२७ मेगाबेसच्या दरम्यान तीन तरी. प्राइमरची ऑर्डर आज दिली. सीडी४ च्या पलीकडे तुटलेला उंदीर मिळाला तर बाकी सगळ्यांच्या आधी त्याची जोडी लावायची, हे पिंजऱ्यांच्या फळ्यावर लिहून ठेवलंय. उरलेल्यांचे डीएनए उणे वीसला, दोन-दोन नळ्यांत. निगेटिव्ह उंदरांचेही, कारण उलट्या प्रकारच्या फारकती त्यांच्यातच लपलेल्या असतात.